अडसालीच्या जागी सुरू

आईला सांगितलेलं नाही, आप्पांना नाही, कलबुर्गीच्या वसतिगृहात तीन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपलेल्या मैत्रिणीलाही नाही. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही—कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल. पण सुरुवात कुठून करायची? मी काय केलं ते एका ओळीत सांगता येतं. एक अक्षर बदललं. यात खोटं काही नाही. पण एवढंच सांगितलं तर तुम्ही मला सोडून द्याल, आणि मला तसं सुटायचं नाही.

आमचं गाव अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बीसीएच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावं लागतं. ज्यांचे मामा-काका पुण्या-बंगळुरात होते त्यांनी तिकडच्या कंपन्या धरल्या. मला आमच्याच भागातल्या साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जागा मिळाली—सुट्टीत रोज, आणि कॉलेज सुरू असताना शनिवारी. काम असं होतं की तिथला जुना प्रोग्रॅम काय काय करतो ते नीट लिहून काढायचं, म्हणजे पुढे नवा करणाऱ्यांना सोपं जाईल.

तो प्रोग्रॅम फॉक्सप्रो नावाच्या जुन्या कंप्युटर-भाषेतला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं नाव नाही. माझ्या जन्माआधी कादरी साहेबांनी लिहिलेला. साहेब निवृत्त झाले होते, तरी दर हंगामात कारखाना त्यांना बोलावून घ्यायचा, कारण तो दुसऱ्या कुणाला चालवताच येत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. ऑफिसातले बाकीचे मला 'टायपिंगवाली पोरगी' म्हणायचे. साहेब 'बेटी' म्हणायचे.

आता थोडं कामाचं सांगते. कंटाळू नका, याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे हा प्रोग्रॅम ठरवायचा. पावसाळ्यात लावलेला ऊस अडसाली. तो दीड वर्ष उभा असतो, म्हणून हंगाम सुरू झाला की तोडणीला पहिला नंबर त्याचा. मग ऑक्टोबरच्या सुमाराला लावलेला पूर्वहंगामी. आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला तो सुरू. आमच्या कारखान्यात त्याची पाळी शेवटी. प्रत्येक प्रकाराची पाळी लावायची रीत वेगळी, म्हणून साहेबांनी प्रत्येकासाठी वेगळा सबरूटीन लिहिला होता—म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमने हाक मारली की येऊन आपलं काम करून जाणारा छोटा प्रोग्रॅम.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की अशा वेळी पायऱ्या लिहायच्या—अडसाली असेल तर याला बोलाव, सुरू असेल तर त्याला बोलाव. मी साहेबांच्या प्रोग्रॅममध्ये त्या पायऱ्या दोन शनिवार शोधल्या. सापडल्या नाहीत. अडसालीचा सबरूटीन होता, पण त्याला हाक मारणारी ओळच कुठे नव्हती. शेवटी लाजत विचारलं, तेव्हा साहेब बशीतला चहा सांडेपर्यंत हसले.

"ढूँढती रह बेटी, शाम तक ढूँढ! नामच नहीं लिखा मैं उसमें."

मग त्यांनी दाखवलं. प्रत्येक शेताच्या नोंदीत एका इंग्रजी अक्षराचा रकाना होता. अडसालीला ए, सुरूला एस. प्रोग्रॅम ते अक्षर उचलायचा, 'तोड' या शब्दाच्या शेवटी जोडायचा, आणि जे नाव तयार होईल ते एका डब्यात ठेवायचा. पुढे एकच ओळ होती: डब्यात ज्याचं नाव असेल, त्याला बोलाव. त्या क्षणापर्यंत प्रोग्रॅमला स्वतःलाही ठाऊक नसायचं की आपण कुणाला हाक मारणार आहोत.

"चिठ्ठी खोल," साहेब म्हणाले, "जो नाम निकला उसकोच आवाज दे. बस. त्या काळी मशीनमधी जागा कुठं होती एवढ्या पायऱ्यांना?"

मला ते फार आवडलं. खरंच. कॉलेजात कुणी इतकं हुशारीचं काही दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "आणि चिठ्ठीत चुकीचं नाव निघालं तर?"

"उस नाम का कोई हैच नहीं, तो प्रोग्रॅम चिल्लाता. मगर दूसरे का नाम निकला तो दूसरा आता, चुपचाप अपना काम करके जाता. उसकू क्या मालूम, किसका खेत है?"

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. नव्हतंच का? मला आता खात्रीने सांगता येत नाही.

कारण शिवराजअण्णा माझ्या मनात कायमच होते.

आमची दीड एकर जमीन, आजोबांच्या वतनातली, नदीच्या अंगाला. तिच्यात आणि रस्त्यात अण्णांचं रान. अण्णा गावातले मोठे. त्यांना आमची दीड एकर हवी होती आणि आप्पा देत नव्हते. वाट त्यांच्या बांधावरून होती. वर्षानुवर्षं आमचा ऊस त्याच वाटेने ट्रॅक्टरमधून जायचा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्या हंगामात ऐन तोडीच्या आठवड्यात अण्णांनी वाटेवर आडवा चर खणला. म्हणे पाइपलाइन टाकायची आहे. पाइप आजवर आलेला नाही.

कारखान्याच्या तोडणी टोळीने ऊस तोडून दिला, पण डोक्यावरून रस्त्यापर्यंत नेणार नाही म्हणाली. त्यांचंही खरं होतं. मग आप्पा, आई आणि मी—तिघांनी मोळ्या वाहिल्या. तीन दिवस. वस्तीवरची दोघं-चौघं आली मदतीला, पण अण्णा बांधावर उभे राहिल्यावर एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आप्पांना म्हणाले—आप्पा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे—"कामून रे लक्ष्या, पोरगी कंप्युटर शिकायलीय म्हनं कलबुर्गीला? मग कामून मान मोडून घ्यायलास? तिला म्हनावं, कंप्युटरनं काढ की ऊस भाईर!"

त्यांचे गडी हसले. आप्पांनी मोळी खाली ठेवली नाही, वरही पाहिलं नाही. नुसतं म्हणाले, "व्हय अण्णा."

तिसऱ्या दिवशी दुपारी चर ओलांडताना आई मोळीसकट त्यात पडली. खुबा मोडला. कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात ती दीड महिना होती. आता चालते, पण एक पाय ओढत. तिला खाली बसता येत नाही. भाकरी थापायला आप्पांनी तिच्यासाठी विटांचा उंच ओटा बांधलाय. ती पडली तेव्हा अण्णा बांधावरच होते. ते खाली उतरले नाहीत. विहारात बैठक झाली, तक्रार करायची असं ठरलं, आणि आप्पा म्हणाले, नको, पोरीला त्याच वाटेनं यावं-जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मी का सांगतेय? सबब शोधतेय? तसं वाटत असेल तर वाटू द्या. पण हे सांगितलं नाही, तर मी किती विचार करून ते केलं हे तुम्हाला कळणार नाही.

ऑक्टोबर होता, दसऱ्याची सुट्टी, म्हणून मी रोज जात होते. हंगामाआधी शेतांच्या नोंदी तपासायचं काम चाललं होतं. साहेब यादी वाचायचे, मी पडद्यावर पाहायची. सगळ्या ऑफिसात एकच पासवर्ड—साहेबांचा. तो टाकून ते मला बसवायचे. त्या शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "चालू दे तू, मी आलोच."

पुढची नोंद उघडली तर नाव अण्णांचं. नदीकाठचा तोच तुकडा, आमच्या वाटेवरचा. चार एकर. अडसाली. ए.

ए आणि एस कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत. पाहा कधी. कुणी विचारलं असतं तर बोट घसरलं म्हणता आलं असतं. म्हणून आत्ताच सांगते, माझं बोट घसरलं नव्हतं. मी ए पुसला. उठून दारापर्यंत गेले, कुणी येतंय का पाहिलं. परत येऊन बसले आणि एस दाबला. मग पुढची नोंद उघडली. मला आठवतं, मला भूक लागली होती, आणि मी डबा उघडून जेवले.

पहिली यादी छापायला अजून तीन आठवडे होते. प्रत्येक शनिवारी मी ती नोंद उघडून पाहायची. दुरुस्त करायला? नाही. एस अजून आहे ना, ते बघायला.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं. अण्णांच्या शेजारची रानं एकेक करून मोकळी होत गेली. टोळ्या यायच्या आणि अण्णांचं रान सोडून पुढे जायच्या. अण्णांनी आधी गडी पाठवला, मग मुलगा. कारखान्याचा फील्डमन त्यांना म्हणायचा, "मी काय करू वो? कंप्युटरच सांगायलंय तुमची पाळी न्हाई म्हनून." हे मला आप्पांनी सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत, पण आईने ओट्यावरची भाकरी उलटताना मान वळवली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, बास, माझं शिक्षण कामाला आलं.

सुट्टीला आले की मुद्दाम नदीकडे जायची. डिसेंबराच्या शेवटी अण्णांच्या उसाला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ व्हायला लागतो, वजन उतरत जातं. चार एकरांवर पांढरे तुरे वाऱ्याने हलत होते आणि बांधावर अण्णा एकटेच उभे होते. कुणीच हसायला नव्हतं त्यांच्याबरोबर. मी चराच्या अलीकडे उभी राहून पाहत राहिले. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पहिला वर्ग आला तेव्हाही नाही.

ते बरं वाटणं अजून गेलेलं नाही. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो. अण्णांच्या उसाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. कबूल करायचं आहे ते हे नव्हेच—आता येतेय मी तिथे.

जानेवारीतल्या एका शनिवारी अण्णा स्वतः ऑफिसात आले. बरोबर शेतकी अधिकारी. हे विजापूरकडचे, कन्नडच बोलायचे. मी खुर्चीवर, साहेब माझ्या शेजारी स्टुलावर. चहा नुकताच आला होता.

अण्णांनी लागणीची पावती टेबलावर आपटली. "जुलैची लागण हाय ही! जुलैची! गावातल्या शेंबड्या पोराला इचारा, हा अडसाली हाय का न्हाई ते. तुमच्या डबड्याला कामून कळंना?"

साहेबांनी नोंद उघडली. एस. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. "सुरू पडलंय," ते म्हणाले. "अडसालीच्या जागी सुरू."

"यारु माडिद्रु?" अधिकाऱ्यांनी विचारलं. कुणी केलं?

मला मराठी येते, कन्नड येतं, साहेबांची बोली येते. तिन्हींतल्या एकीतही मी तोंड उघडलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. पडद्याकडेच पाहत म्हणाले, "पासवर्ड मेरा है साहब. गलती मेरीच. उंगली फिसल गई होगी."

"उंगली न्हाई घसरली!" अण्णा ओरडले. "हात वला झाला तुमचा. कुनी केला? कुनाची पाळी पुढं घेतलाव? वीस वर्सं सलाम करायलोत तुमाला, आन म्हातारपनी हे धंदे?"

अण्णांचा राग खरा होता आणि संशय वेडा होता—साहेब दुपारचा डबासुद्धा घरून आणायचे, कारखान्याच्या कॅन्टीनचं फुकट जेवण त्यांना नको असायचं. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. 'मी केलं, चुकून' एवढं अर्धं खोटंसुद्धा चाललं असतं. शिकाऊ पोरगी, बोट घसरलं, ओरडून सोडून दिलं असतं. फार तर प्रोजेक्ट गेलं असतं. पण मला भीती वाटली. एकदा माझं नाव निघालं की लगेच कुणीतरी विचारणार—पोरगी कुणाची? लक्ष्याची? आणि मग चर, वाट, आई, सगळं जोडलं जाणार. अण्णांसमोर आप्पांना पुन्हा 'व्हय अण्णा' म्हणावं लागणार.

हाक एकालाच जाणार होती. माझ्या नावाची किंवा साहेबांच्या. मी साहेबांची जाऊ दिली, आणि चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

साहेबांनी एसचा ए केला, पण उपयोग नव्हता. अडसालीची यादी संपत आली होती, टोळ्या दुसऱ्या गावांना गेल्या होत्या. अण्णांचा ऊस मार्चमध्ये तुटला. तोवर अण्णांनी वर तक्रार केली. बाहेरून दोन माणसं येऊन सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून घेऊन गेली. तो त्यांनी ओळन् ओळ वाचला म्हणे. त्यात काय सापडणार? साहेबांच्या ओळी जिथल्या तिथे होत्या. अण्णांचं नाव त्यात नव्हतं, माझं नव्हतं, अडसालीचंही नव्हतं. प्रोग्रॅममध्ये खोट नाही, असा कागद आला. मग बोट तेवढं उरलं, आणि बोट कुणाचं ते साहेबांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. ते निवृत्तीनंतरचे, हंगामापुरते. चौकशी वगैरे काही लागली नाही. पुढच्या हंगामाला येऊ नका म्हणून सांगितलं. ऑफिसात कुणी म्हणायचं खाल्ले असतील, कुणी म्हणायचं वय झालं. मी दोन्ही ऐकलं. दोन्ही वेळा मान खाली घालून टाइप करत राहिले.

शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांची जुनी वही मला दिली. प्रोग्रॅममधली प्रत्येक युक्ती, उर्दूत आणि इंग्रजीत, शाईने लिहिलेली. माझ्या प्रोजेक्टच्या दाखल्यावर सही केली. छापील मजकुराखाली मोकळी जागा होती, तिथे स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं: कामात काळजीपूर्वक आणि विश्वासू.

"एक बात याद रख बेटी," ते म्हणाले. "नया प्रोग्रॅम बना तो अक्षर टाइप नको करने देना किसी को. पूरा नाम दिखाना पर्दे पे—अडसाली, सुरू—और उसमें से चुनने देना. इन्सान चुनेगा तो देख के चुनेगा."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच पाहिलं.

त्यांना ठाऊक होतं का? याचा मी इतक्या वेळा विचार केलाय. ठाऊक नसेल, तर माझ्यावर आंधळा भरवसा ठेवणाऱ्या माणसाला मी बुडवलं. ठाऊक असेल, तर त्यांनी जाणूनबुजून मला वाचवलं आणि मी त्यांना वाचवू दिलं. यातलं कुठलं कमी वाईट? मला निवडता येत नाही. आणि निवडून तरी काय होणार?

पुढच्या हंगामाला कारखान्याने मला बोलावलं. त्या प्रोग्रॅमची माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती ना. मी हो म्हटलं. पगार सुरू झाला, त्यातून एमसीएला प्रवेश घेतला. मुलाखतीत तो दाखला पुढे केला. समोरच्या मॅडमनी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि हसून म्हणाल्या, असं हाताने कोण लिहून देतं हल्ली?

मी म्हटलं, सर फार चांगले होते. 'होते' म्हटलं मी. जिवंत माणसाला.

अण्णा आता मला वाटेत भेटले की थांबतात. "काय ताई, यंदा पाळी बरोबर लागंल न्हवं?" असं विचारतात. ताई म्हणतात. आप्पांना लक्ष्मणराव म्हणतात. चर त्यांनी स्वतः बुजवून घेतला. मी हसून म्हणते, लागेल की अण्णा. आणि माझ्या आत अजूनही काहीतरी पोट भरल्यासारखं होतं. हे मी लपवून काय करू? सूड घेतला आणि तो मला पचला. जे पचलं नाही ते वेगळं आहे. ज्या माणसाने मला खुर्ची दिली त्याच्यावर चोरीचा आळ आला, आणि मी शेजारी बसून चहा प्यायले.

कादरी साहेब कलबुर्गीत मुलीकडे राहतात. माझ्या वसतिगृहापासून दोन सिटी बसच्या अंतरावर. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण कंप्युटरवाली कुणी पोरं भेटली की माझं नाव घेऊन सांगतात, माझी शागीर्द आहे म्हणून.

घराचा पत्ता माझ्याकडे आहे. मी गेलेले नाही. हे लिहून झालं म्हणून जाईन, असंही मी म्हणत नाही.